जर्मल

सलमाबादला, गॅरेजच्या मागं, जिन्याखालच्या खोलीत
माझा लेथ आहे. लेथ म्हणजे काय,
शिलाई मशीनएवढा, दोघांनी उचलला तर उचलतो.
आयटीआयच्या खोपडे मास्तरांनी पाहिला असता
तर म्हणाले असते, यावर गाजरं तासा.

शुक्रवार. गुल नवाजनं दोन फुटके पिस्टन दिले,
एक पिकअपचा, एक कुठल्या तरी बोटीचा.
रंगाच्या डब्यात कोळसे, खाली केस वाळवायचं मशीन.
धातू पाघळायला लागला की
मला आईची पोचे पडलेली ताटली दिसते.
आई ॲल्युमिनियम म्हणत नसे. जर्मल म्हणे.
"पितळेचं देऊन जर्मलचं घेतलं," असं
एखाद्या लग्नाबद्दलही म्हणे.

वाळूत ओतलेला गोळा, गुळाच्या ढेपेसारखा खडबडीत.
चकमध्ये धरला तर धडधडतो.
पहिल्या कटाला अर्धा फेरा धातू, अर्धा फेरा हवा,
टक्, टक्, टक्,
मग ती टकटक लांबत जाते
आणि एका क्षणी नुसता सूर उरतो.
तो लागेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही.

जर्मल मऊ, म्हणून सोपं, असं वाटतं.
नाही. मऊ धातू टूलला चिकटतो,
टोकावर आपलंच एक खोटं टोक बांधतो
आणि पुढं तेच कापत सुटतं.
त्यावर रॉकेल, ब्रशनं, थेंबभर.
जमिनीखाली एवढं तेल,
आणि बाटलीभर रॉकेलसाठी मी तीन दुकानं हिंडलो.

करतोय काय, तर लेथचाच एक भाग.
स्क्रूच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश झिजलं,
तिथं बेअरिंग बसवायचं, त्याचं हे घर.
म्हणजे जे हलणं थांबवायचंय
त्या हलण्यातूनच ते कोरून काढायचं.
शालनला फोनवर सांगायला लागलो. ती म्हणाली,
"म्हणजे न्हाव्यानं आपलीच डोई भादरायची."
माझी वीस मिनिटं वाचली.

भोक बत्तीस मिलिमीटर. दुपारी मोजलं, बरोबर.
रात्री एसीखाली मोजलं, शतांशभर कमी.
चूक कुणाची नव्हती.
पंचेचाळीस अंशांत जे खरं होतं
ते चोवीस अंशांत तेवढं खरं राहिलं नाही.

पंचविशीतल्या मी हातोडी काढली असती.
हातोडी म्हणजे कबुली, मास्तर म्हणायचे.
बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं,
थंगराजच्या सुरमईशेजारी, दोन पिशव्यांत गुंडाळून
(तरी वास लागलाच),
आणि शनिवारी भर दुपारी ते घर
त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर, उन्हात.
तासाभरानं फडक्यात धरून आणलं, पोळत होतं.
सतरा वर्षं या उन्हाला शिव्या घातल्या,
कामाला आज लावलं.

बेअरिंग वर धरलं, सोडलं.
आवाज आला न आला, गेलं तळापर्यंत,
हौदात नाणं जावं तसं.
मग आम्ही दोघं स्टुलावर बसून राहिलो.
एक निवत होतं, एक ऊब धरत होतं.
पाच मिनिटांनी थंगराजनं ओढून पाहिलं,
मग दात ओठ खाऊन ओढून पाहिलं.
"आता काढायचं असेल तर?"
पुन्हा तापवायचं, म्हटलं.
त्यानं सुरमई बाहेर काढली, वास घेतला,
तेलाचा वास येतोय म्हणाला, आणि तरी तळली.

कीस झाडून डब्यात भरला, पुढच्या शुक्रवारी वितळेल.
मशीन जोडलं. स्क्रू फिरवला.
केसभर हललाच.
शालनला कळवलं: डोई झाली.
शेंडी राहिलीय.